ड्राफ्ट ट्यूबमधला भोवरा: पीआयव्ही मोजणीच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

मॉडेल टर्बाइनच्या ड्राफ्ट ट्यूबचा, म्हणजे वापरलेलं पाणी खाली बाहेर नेणाऱ्या नळीचा, वरचा भाग आज पारदर्शक ॲक्रिलिकचा बसवला. रनरच्या, म्हणजे टर्बाइनच्या फिरत्या पात्यांच्या चाकाच्या, लगेच खालचा, खाली रुंद होत जाणारा हा शंकू. पुढचे काही आठवडे आमचं सगळं लक्ष या एका तुकड्यावर असेल.

फ्रान्सिस टर्बाइन कमी भारावर चालवली की रनरमधून सुटलेलं पाणी गोल फिरतच खाली उतरतं. रनरकडे जाणारं पाणी कमी-जास्त करणाऱ्या झडपा, म्हणजे गाईड व्हेन, कमी उघडलेल्या असतात, पाणी जोराने फिरत आत शिरतं आणि त्या फिरण्यातली सगळी ऊर्जा रनरला काढून घेता येत नाही. उरलेला पीळ शंकूत येतो. मधोमध पाणी जवळजवळ थांबतं, कधी उलटं वर चढतं, आणि या थांबलेल्या गाभ्याभोवती मळसूत्राच्या आकाराचा एक भोवरा फिरू लागतो. यालाच व्होर्टेक्स रोप म्हणतात. तो रनरच्या वारंवारतेच्या साधारण ०.२ ते ०.४ पटीने फिरतो. जलविद्युत केंद्रांतल्या विजेच्या हेलकाव्यांवर डब्ल्यू. जे. राइनगान्स यांनी १९४० मध्ये लिहिलं, तेव्हा रनरच्या वारंवारतेला ३.६ ने भागा, असा ठोकताळा दिला होता. पहिल्या अंदाजाला तो आजही चालतो.

हा भोवरा दाबाचे ठोके देतो. ते रनरपर्यंत, शाफ्टपर्यंत, कधीकधी थेट ग्रिडच्या वीजप्रवाहापर्यंत पोहोचतात. पूर्वी टर्बाइन बराच काळ आपल्या सर्वोत्तम बिंदूजवळच, म्हणजे जिथे ती सर्वाधिक कार्यक्षम असते तिथेच, चालायची. आता ग्रिडमध्ये सौर आणि पवन ऊर्जा वाढली आहे. ऊन गेलं, वारा पडला की उणीव जलविद्युत संचानं भरायची, ऊन परतलं की त्यानंच मागे सरायचं. म्हणजे ज्या भारासाठी यंत्र घडवलेलंच नाही त्या भारावर त्याला जास्त वेळ राहावं लागतं. म्हणून हा भोवरा नीट मोजायचा आहे. थांबलेला गाभा किती रुंद, त्याची हद्द कुठे, आणि रनरच्या मधोमधून पाण्याचा झोत सोडला तर त्याचं काय होतं, हे आम्हाला आकड्यांत हवंय.

९ जानेवारी

मॉडेलचे आकडे इथे नोंदवून ठेवतो, पुढे सारखे लागतील. रनरचा बाहेर पडण्याकडचा व्यास ३५० मिमी, १३ पाती, २४ गाईड व्हेन, हेड (पाण्याच्या पातळीतला फरक) सुमारे ६ मीटर, वेग मिनिटाला ३६० फेरे म्हणजे ६ हर्ट्झ. सर्वोत्तम बिंदूवर प्रवाह सेकंदाला ०.२० घनमीटर. कमी भारासाठी आम्ही त्याच्या ७० टक्के, म्हणजे ०.१४ घनमीटर धरला आहे. मोजणीच्या पातळीवर शंकूचा व्यास ३८० मिमी. त्यावरून कमी भारावरचा सरासरी खाली उतरता वेग सेकंदाला १.२३ मीटर येतो.

पाण्यात पिटो नळी घालून वेग मोजता येतो, पण इतक्या नाजूक भोवऱ्यात नळी घातली की भोवरा बदलतो. लेझर डॉप्लर पद्धतीत पाण्याला हात लागत नाही. ती १९६४ पासून आहे आणि अचूकही आहे, पण एका वेळी एकच बिंदू देते. भोवरा फिरता असल्यामुळे एकाच क्षणी डावीकडे काय आणि उजवीकडे काय, हे हवं असतं. त्यासाठी पीआयव्ही, म्हणजे पार्टिकल इमेज व्हेलॉसिमेट्री. पाण्यात बारीक कण सोडायचे, लेझरचा प्रकाश पातळ पडद्यासारखा पसरवून त्यांवर दोनदा चमकवायचा, दोन्ही चमकांचे फोटो घ्यायचे आणि कणांचे पुंजके कुठून कुठे सरकले ते संगणकाने जुळवून काढायचं. सरकलेलं अंतर भागिले मधला वेळ, हा वेग. कण सोडून प्रवाह डोळ्यांनी पाहण्याची कल्पना जुनीच. लुडविग प्रांटल यांनी १९०४ च्या सुमारास पाण्याच्या चॅनलमध्ये अभ्रकाची पूड सोडून हेच केलं होतं. आकड्यांत मोजण्याची ही पद्धत १९८४ पासून पीआयव्ही या नावाने ओळखली जाऊ लागली.

लेझर एनडी-याग, हिरवा, ५३२ नॅनोमीटर. एक चमक १० नॅनोसेकंदांपेक्षा लहान. सेकंदाला २ मीटरने जाणारा कण तेवढ्या वेळात जेमतेम २० नॅनोमीटर सरकतो, म्हणजे फोटोत तो पूर्ण थिजलेला दिसतो.

१३ जानेवारी

सगळा दिवस काचेत गेला, आणि तो जायलाच हवा होता.

पाण्याने भरलेला गोल शंकू बाहेरून पाहिला की तो भिंगासारखं वागतो. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३, ॲक्रिलिकचा १.४९. प्रकाश वक्र पृष्ठभागातून हवेत येताना वाकतो, आडवी अंतरं ताणली जातात, उभी मात्र तशीच राहतात. असं चित्र मोजणीला कुचकामी. उपाय ठरलेला आहे: शंकूभोवती सपाट बाजूंची ॲक्रिलिकची पेटी बांधायची आणि तीही पाण्याने भरायची. मग वक्र भिंतीच्या दोन्ही अंगांना पाणीच राहतं, मध्ये फक्त ॲक्रिलिकची जाडी, आणि कॅमेऱ्याला दिसणारा शेवटचा पृष्ठभाग सपाट. विकृती बरीच कमी होते, पण संपत नाही. भिंतीलगतच्या काही मिलिमीटरमध्ये प्रकाशकिरण ॲक्रिलिकला इतके तिरपे छेदतात की तिथले ठिपके एकमेकांवर चढतात. ती पट्टी मी मोजणीतून काढून टाकली. भिंतीलगतचा थर मोजायचा असेल तर वेगळी मांडणी लागेल. आमचा प्रश्न गाभ्याचा आहे.

कॅलिब्रेशनसाठी ठिपक्यांची प्लेट शंकूत उतरवली. ठिपके १० मिमी अंतरावर. प्लेट लेझरच्या पडद्याच्या जागी, आणि तिथून थोडी पुढे-मागे सरकवून फोटो घेतले. हे सगळं शंकू आणि पेटी पाण्याने भरलेली असतानाच करायचं. कोरड्या शंकूत केलेलं कॅलिब्रेशन ओल्या मोजणीला लावता येत नाही. ठिपक्यांवरून बसवलेल्या बहुपदीतून आता चित्रातला प्रत्येक पिक्सेल शंकूतल्या खऱ्या जागेशी जोडला गेला. एक पिक्सेल म्हणजे ०.१९५ मिमी.

पेटीच्या आतल्या बाजूला हवेचे बारीक बुडबुडे चिकटले होते. प्रत्येक बुडबुडा फोटोत चमकता ठिपका होऊन बसतो, आणि हलत नसल्यामुळे तिथला वेग शून्याकडे ओढतो. पेटी रात्रभर भरून ठेवायची, सकाळी लांब ब्रशने आतून पुसायची, मगच सुरुवात. हे रोजच्या यादीत घातलं.

१५ जानेवारी

सुरक्षेची तपासणी. लेझर वर्ग ४ चा, म्हणजे सर्वात धोकादायक वर्गातला. ५३२ नॅनोमीटरसाठीचे गॉगल, दाराला इंटरलॉक (दार उघडलं की लेझर बंद), खोलीबाहेर लाल दिवा, आणि शंकूच्या पलीकडे प्रकाश शोषणारा काळा सापळा. मनगटावरची घड्याळं, अंगठ्या बाहेर. संरेखन नेहमी कमीत कमी शक्तीवर. लेझरची जबाबदारी असलेल्या सहकारीण बाईंचा शब्द इथे शेवटचा राहील, प्रकल्पप्रमुखांचाही नाही.

१९ जानेवारी

कण ठरले. पाण्याच्या वेगाने जाणारा कण हवा आणि तो उजळही दिसायला हवा. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध जातात: मोठा कण चांगला दिसतो, पण जडत्वामुळे मागे राहतो. आम्ही रोडामिनचा थर दिलेले २० मायक्रॉनचे ॲक्रिलिकचे कण घेतले. ते हिरवा प्रकाश शोषतात आणि नारिंगी सोडतात. कॅमेऱ्यापुढे फक्त नारिंगी आत घेणारा फिल्टर लावला की रनरच्या पात्यांवरून, भिंतींवरून आणि बुडबुड्यांवरून उडणारा हिरवा झगमगाट बाहेरच राहतो.

हिशेब करून पाहिला. या कणांची घनता पाण्याच्या १.१९ पट. स्थिर पाण्यात ते सेकंदाला सुमारे ४१ मायक्रॉन खाली बसतील. प्रवाहाचा वेग बदलला की जुळवून घ्यायला त्यांना सुमारे २६ मायक्रोसेकंद लागतात. भोवऱ्यात पाणी ५० मिमी त्रिज्येवर सेकंदाला २ मीटरने फिरत असेल तर तिथलं त्वरण गुरुत्वाच्या आठपट होतं, आणि कण बाहेरच्या बाजूला सेकंदाला सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर सरकतील. मीटरमधल्या वेगांपुढे हे नगण्य. पण फार काळ फिरणाऱ्या घट्ट भोवऱ्याच्या ऐन मध्यात कण विरळ होतात, हे यातूनच येतं. तिथे आकडे कमी भरवशाचे असतील, हे लक्षात ठेवायचं.

२३ जानेवारी

आधी सर्वोत्तम बिंदू. इथे पीळ जवळजवळ नाही, त्यामुळे पद्धतीची परीक्षा घ्यायला ही जागा उत्तम.

पडदा शंकूच्या अक्षातून जाणारा, उभा, ३ मिमी जाड. एक कॅमेरा समोरून. दोन चमकांमधलं अंतर ०.९ मिलिसेकंद. पाणी सेकंदाला १.७६ मीटरने उतरत असल्यामुळे कण आठेक पिक्सेल सरकतात. जुळवणीची खिडकी, म्हणजे एकेका पुंजक्यासाठी घेतलेला चौकोन, ३२ बाय ३२ पिक्सेल, निम्मी एकमेकींवर चढवलेली. सरकणं खिडकीच्या एक चतुर्थांशाच्या आत ठेवायचं हा जुना नियम, तो इथे बरोबर पाळला जातो.

मग सगळ्यात महत्त्वाची ताडणी. उतरता वेग केंद्रापासून भिंतीपर्यंत कडी-कडीने बेरीज करत नेला आणि एकूण प्रवाह काढला. लाईनमध्ये विद्युतचुंबकीय फ्लो मीटर आहे. दोन्ही आकडे दोन टक्क्यांच्या आत जुळले. भिंतीलगतची पट्टी आम्ही अंदाजाने भरली आहे हे धरता मला याचं समाधान वाटतं. सुंदर रंगीत चित्र कोणतंही सॉफ्टवेअर काढून देतं. पाण्याचा हिशेब जुळतो का, हे त्या चित्राला विचारल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

२७ जानेवारी

कमी भार. गाईड व्हेन बंद करत आणल्या आणि शंकूत भोवरा उभा राहिला. काचेतून नुसत्या डोळ्यांनीही दिसतो, कारण त्याच्या गाभ्यात दाब इतका उतरतो की पाण्याची वाफ होते आणि पांढरा दोर दिसतो.

आता खरी अडचण. पडदा अक्षातून जाणारा उभा आहे, पण कमी भारावर पाणी त्या पडद्याला आडवं छेदत गोल फिरतं. फिरता वेग सेकंदाला दीड मीटरपर्यंत. उतरत्या वेगासाठी आठ पिक्सेलचं सरकणं हवं असेल तर दोन चमकांत १.३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात कण पडद्याला आडवा जवळजवळ २ मिमी जातो. पडदा ३ मिमी जाड. म्हणजे पहिल्या फोटोतले दोन तृतीयांश कण दुसऱ्यात नाहीत, त्यांच्या जागी नवेच आले. जुळवणी करायची कशाची?

वेळ कमी केला तर कण पडद्यात राहतात, पण सरकणं लहान होतं. ०.५ मिलिसेकंद घेतला तर आडवं सरकणं पडद्याच्या एक चतुर्थांशावर येतं, पण उतरतं सरकणं अवघं ३ पिक्सेल. जुळवणीची अचूकता साधारण ०.१ पिक्सेल, म्हणजे तीन टक्क्यांची चूक. थांबलेल्या गाभ्यात, जिथे वेगच शून्याजवळ आहे, तिथे हीच ०.१ पिक्सेल सेकंदाला ४ सेंटिमीटर होते. पाणी थांबलंय की हळूच वर चाललंय, हा आमचा मूळ प्रश्न, आणि त्याचं उत्तर या ४ सेंटिमीटरमध्ये अडकतं.

काही प्रयोगांत दुसऱ्या चमकेचा पडदा प्रवाहाच्या दिशेने थोडा सरकवून ठेवतात, म्हणजे कण त्यात सापडतात. आमच्याकडे ते जमत नाही: अक्षाच्या उजवीकडे पाणी कॅमेऱ्याकडे येतं आणि डावीकडे कॅमेऱ्यापासून दूर जातं. एका बाजूसाठी पडदा सरकवला की दुसरी बाजू दुप्पट बिघडते.

शेवटी पडदा ४ मिमी जाड केला आणि वेळ ०.६५ मिलिसेकंद ठरवला. उतरतं सरकणं ४ पिक्सेल. जाड पडद्यात प्रकाश विरळ होतो, म्हणून लेझरची शक्ती वाढवली. एका क्षणाच्या चित्रात अनिश्चितता राहील, पण ती इकडून तिकडे विखुरलेली आहे, पुष्कळ चित्रांच्या सरासरीत बरीच गळते. ही निवड मला पटते.

३० जानेवारी

एका कॅमेऱ्याचं सरासरी चित्र पाहताना काहीतरी खटकत होतं. अरीय वेग, म्हणजे केंद्राकडून भिंतीकडचा, डावीकडे आणि उजवीकडे एकाच दिशेला. जणू सगळं पाणी शंकूत डावीकडून उजवीकडे वाहतंय. बंद शंकूत सरासरीने असं वाहणं शक्यच नाही, उजव्या भिंतीतून पाणी जाणार कुठे?

कारण दृष्टिकोनात आहे, या शब्दाच्या अगदी भौमितिक अर्थाने. कॅमेरा १.२ मीटरवर. अक्षापासून १५० मिमी उजवीकडचा कण कॅमेऱ्याकडे येत असेल तर फोटोत तो मध्यापासून बाहेर, उजवीकडे सरकलेला दिसतो. डावीकडचा कण दूर जातो, म्हणून तो मध्याकडे, म्हणजे पुन्हा उजवीकडेच सरकलेला दिसतो. दीड मीटरच्या फिरत्या वेगातला जवळजवळ आठवा हिस्सा असा खोट्या अरीय वेगात मिसळतो. हीच चूक चित्राच्या वरच्या आणि खालच्या कडेला उतरत्या वेगातही घुसते, डावीकडे एका चिन्हाने आणि उजवीकडे उलट चिन्हाने. तिथे ती जास्त फसवी, कारण ती भोवऱ्यामुळे आलेली असमानता आहे असं सहज वाटून जातं. पीळदार प्रवाहाची एका कॅमेऱ्याने केलेली मोजणी वाचताना मी यापुढे आधी हे पाहीन.

दोन कॅमेऱ्यांची स्टिरिओ मांडणी करायची.

६ फेब्रुवारी

स्टिरिओ बसलं. दोन कॅमेरे दोन बाजूंनी तिरपे पाहतात. पेटीच्या भिंतीवर पाण्याने भरलेले प्रिझम जोडले, म्हणजे प्रत्येक कॅमेरा आपल्या पृष्ठभागाकडे काटकोनात पाहतो आणि ठिपके फाटत नाहीत. तिरपं पाहिल्यामुळे चित्राची एक कड धूसर होते. त्यासाठी सेन्सर लेन्सच्या मानाने थोडा कलता करायचा, ही शाइम्फ्लुगची अट. दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रं एकत्र आली की वेगाचे तिन्ही घटक मिळतात. फिरता वेग आता चूक म्हणून येत नाही, मोजलेला आकडा म्हणून येतो.

प्लेट काढली, पाणी पुन्हा फिरवलं की पडदा आणि प्लेट नेमक्या एकाच प्रतलात राहत नाहीत. थोडा फरक पडतोच. तो कणांच्या चित्रांवरूनच दुरुस्त करण्याची रीत वीनेके यांनी २००५ मध्ये दिली. ती आम्ही रोज पहिल्या चित्रांवर चालवतो. पंपाच्या थरथरीने स्टँड किंचित हलतो, त्यामुळे ‘रोज’ हा शब्द महत्त्वाचा.

अरीय वेगाचं एकतर्फी वाहणं गेलं. फिरता वेग हाती आल्यामुळे पिळाचं प्रमाणही काढता आलं: पाण्यासोबत खाली जाणारा कोनीय संवेग, भागिले त्रिज्या आणि अक्षीय संवेग यांचा गुणाकार. सर्वोत्तम बिंदूवर हे प्रमाण शून्याजवळ होतं, इथे ते ठसठशीत आहे.

९ फेब्रुवारी

डेटा. एक फ्रेम ८ मेगाबाईट, दोन चमका, दोन कॅमेरे, म्हणजे क्षणाला ३२. लेझर १५ हर्ट्झवर चालतो, त्यामुळे सेकंदाला ४८० मेगाबाईट. जुन्या डिस्क पुरणार नाहीत.

१२ फेब्रुवारी

गाभ्यातल्या वाफेमुळे मधला भाग मोजता येत नव्हता. फिल्टरने हिरवा झगमगाट थांबतो, पण वाफेच्या दोरामागच्या कणांचा नारिंगी प्रकाश दोरातून वाकूनच येतो. लोझानच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी वाफेच्या दोराची कड आणि भोवतीचा वेग एकाच वेळी चित्रांतून काढून दाखवला आहे. ते काम वाचताना आदर वाटतो. आम्ही सोपी वाट धरली: खालच्या टाकीवरचा दाब वाढवला, म्हणजे थोमा अंक (पाणी वाफ होण्यापासून किती दूर आहे ते सांगणारा अंक) वर गेला आणि वाफ होणं थांबलं. भोवरा आहे तसाच, फक्त आता अदृश्य. डोळ्यांना काही दिसत नाही आणि कॅमेऱ्याला सगळं दिसतं.

१८ फेब्रुवारी

या नोंदीसाठी मी बरेच दिवस थांबलो होतो.

भिंतीत एकाच पातळीवर चार प्रेशर सेन्सर आहेत, ९० अंशांवर. समोरासमोरच्या दोघांतली वजाबाकी भोवऱ्याचं फिरणं दाखवते. चौघांची सरासरी एकाच वेळी सगळीकडे वाढणारा आणि कमी होणारा दाब दाखवते. हा दुसरा भाग भोवरा ड्राफ्ट ट्यूबच्या खालच्या कोपरवळणाशी झगडल्यामुळे उठतो आणि तोच पाईपलाईनमधून वर प्रवास करतो. फिरण्याची वारंवारता १.७४ हर्ट्झ निघाली. राइनगान्स यांचा ठोकताळा १.६७ सांगतो.

प्रत्येक चित्राला त्या क्षणी भोवरा कुठल्या कोनात होता हे दाबावरून जोडलं, ३० अंशांचे गट केले आणि प्रत्येक गटाची वेगळी सरासरी काढली. भोवऱ्याचा प्रत्येक फेरा सारख्या वेळाचा नसतो, म्हणून कोन त्या त्या फेऱ्याच्या लांबीवरून घेतला.

साधं सरासरी चित्र दाखवतं की मधोमध गुळगुळीत कडांचा, शांत, जवळजवळ थांबलेला गाभा आहे. गटवार चित्रांत असा गाभा कुठेच नाही. एका बाजूला भोवऱ्याचा छेद आहे, त्याच्या अक्षाकडच्या अंगाला पाणी जोरात वर चढतंय आणि भिंतीकडच्या अंगाला सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने खाली जातंय. थोडं खाली दुसरा छेद, अक्षाच्या दुसऱ्या बाजूला. पुढच्या गटात दोन्ही छेद खाली सरकतात. सरासरीतला शांत गाभा हा या ये-जा करणाऱ्या वर-खालच्या वेगांचा उरलेला हिशेब आहे, कुठल्याही एका क्षणी पाणी तसं नसतं. थांबलेल्या गाभ्याभोवती भोवरा गुंडाळलेला असतो ही मांडणी मिचिहिरो निशी आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात केली, आणि सरासरी प्रवाह समजून घ्यायला ती उत्तम आहे. पण पात्यावर येणारा भार सरासरीने येत नाही. रनरचा प्रत्येक पाता या वर चढणाऱ्या पाण्यासमोरून पुन्हा पुन्हा जातो आणि धातू थकतो तो त्या प्रत्येक वेळेने. कमी भाराच्या चर्चेत फक्त सरासरी वेगाची रेघ दाखवून थांबणं मला म्हणूनच अपुरं वाटतं.

२४ फेब्रुवारी

रनरच्या लगेच खालच्या एका बिंदूवरच्या वेगाच्या वर्णपटात, म्हणजे कोणत्या वारंवारतेची हालचाल किती ते दाखवणाऱ्या आलेखात, ३ हर्ट्झवर टोकदार शिखर. दाबाच्या सेन्सरांत तिथे काही नाही. भोवऱ्याची दुप्पट ३.४८ होते, ते हे नव्हे. नवीन काही सापडलं का, यावर चहाच्या वेळी बरीच चर्चा.

१३ पाती गुणिले ६ हर्ट्झ म्हणजे ७८. आमचा लेझर १५ हर्ट्झवर चित्रं घेतो. १५ पंचे ७५, आणि ७८ वजा ७५ बरोबर ३. पात्यांमागून येणारी खळबळ इतक्या सावकाश घेतलेल्या चित्रांत ३ हर्ट्झचं सोंग घेऊन दिसते. खातरजमा करायला लेझर १४.५ हर्ट्झवर आणला. शिखर ५.५ वर गेलं, १.७४ चं जागेवरच राहिलं. खरी वारंवारता कॅमेऱ्याचा वेग बदलल्याने हलत नाही.

म्हणून नियम: पीआयव्हीच्या वर्णपटातली कुठलीही गोष्ट दाबाच्या वेगवान सेन्सरशी ताडल्याशिवाय लिहायची नाही. पात्यांची खळबळच मोजायची असेल तर किलोहर्ट्झमध्ये चालणारा लेझर आणि कॅमेरा लागेल. तो प्रश्न वेगळा.

४ मार्च

झोत. रनरच्या शंक्वाकृती टोकातून अक्षावर पाण्याचा झोत खाली सोडायचा, ही कल्पना रोमानियातले रोमेओ सुसान-रेझिगा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडली. भोवरा उठण्याचं मूळ कारण मधला वेग मरणं हे असेल, तर मध्येच वेग घाला. हवा सोडणं, भिंतीला पंख लावणं हे जुने उपाय भोवऱ्याच्या परिणामावर काम करतात, हा कारणावर.

झोत वाढवत नेला तसा थांबलेला भाग रनरपासून सुटला आणि खाली ढकलला गेला. चित्रांत हे इतकं स्पष्ट दिसतं की मोजणीच्या खोलीत सगळे संगणकाच्या पडद्याभोवती उभे राहिले. वर चढणारं पाणी आमच्या चौकटीत जवळजवळ उरलं नाही. दाबात फिरणारा भाग चांगलाच उतरला. एकाच वेळी सगळीकडे हलणारा भाग मात्र त्या मानाने कमी उतरला. भोवरा संपलेला नाही, खाली सरकलाय, आणि तिथे कोपरवळण आहेच. नुसता शंकू पाहिला असता तर आम्ही पूर्ण यश लिहून मोकळे झालो असतो.

या उपायाची किंमतही लिहायला हवी. झोताचं पाणी रनरला काम न देता जातं, आणि जेवढं पाणी तेवढी वीज गेली. शंकूच्या खालच्या टोकाजवळ दाब जास्त असतो, तिथलंच पाणी उचलून वर टोकाशी आणायचं, अशी पुढची मांडणी त्याच गटाने केली आहे. आमच्या मॉडेलवर ती करून पाहायची इच्छा आहे. नळ्यांना जागा कुठून काढायची, हे यांत्रिकी विभाग पाहतोय.

१० मार्च

खऱ्या टर्बाइनच्या देखभालीत आयुष्य घालवलेले एक अभियंते आज आले होते. चित्रं लक्ष देऊन पाहिली आणि विचारलं, यातलं माझ्या यंत्राला काय लागू पडतं?

वेगाचं क्षेत्र, पिळाचं प्रमाण, भोवऱ्याची वारंवारता भागिले रनरची वारंवारता हे मॉडेलवरून मोठ्या यंत्राकडे बऱ्यापैकी नेता येतं, वेग आणि प्रवाह यांचे मापरहित गुणांक सारखे ठेवले तर. मॉडेल चाचण्यांचं आयईसी ६०१९३ हे आंतरराष्ट्रीय मानक याच पायावर उभं आहे. विजेच्या हेलकाव्यांचा आकडा मात्र असा नेता येत नाही. मोठ्या यंत्रात वाफेचा दोर असतो, तो दाबाखाली आकसतो-फुगतो, त्यामागे टर्बाइनकडे पाणी आणणारा शेकडो मीटर लांब पाईप, म्हणजे पेनस्टॉक असतो, आणि या सगळ्याची मिळून स्वतःची एक वारंवारता बनते. भोवऱ्याची वारंवारता तिच्याशी जुळली तर अनुनाद. आम्ही तर दाब वाढवून वाफ मुद्दाम काढून टाकली आहे. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

त्यांनी रशियातल्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्राची आठवण काढली. १७ ऑगस्ट २००९ रोजी तिथल्या दुसऱ्या संचाच्या झाकणाचे थकलेले बोल्ट तुटले, पाणी यंत्रगृहात घुसलं आणि ७५ माणसं गेली. तो संच भार बदलताना, चालवू नये अशा पट्ट्यातून पुन्हा पुन्हा जात होता. एवढ्या मोठ्या अपघाताला कारणं अनेक असतात आणि आमचा शंकू त्यांतल्या सगळ्यांना उत्तर देत नाही. पण कुठल्या पट्ट्यात किती वेळ राहायचं हे ठरवणाऱ्या माणसाच्या हातात पाण्याच्या आतल्या स्थितीचे खरे आकडे असावेत, यावर आमचं दोघांचं एकमत झालं. त्यांच्या यंत्रात काच नाही, पाण्यात गाळ आहे, तिथे पीआयव्ही होणार नाही. होईल ते एवढंच, की भिंतीवरच्या दाबाच्या सेन्सरचा कोणता ठसा आतल्या कोणत्या प्रवाहाचा, हे इथे जोडून त्यांना द्यायचं. अशा जोड्यांचा तक्ता करायला घेतला.

१६ मार्च

तक्त्याचा पहिला मसुदा त्या अभियंत्यांना पाठवला. त्यांचं म्हणणं, स्थिर भारावरचे आकडे ठीक, पण संच खरा हलतो तो भार बदलताना. रास्त आहे. फ्रान्सिस-९९ या मॉडेल टर्बाइनवरच्या संशोधकांच्या कार्यशाळांच्या दुसऱ्या फेरीत, २०१६ मध्ये, भार बदलत असताना शंकूत पीआयव्ही करून दाखवलं गेलं आहे, म्हणजे वाट आहे.

गाईड व्हेन फिरत असताना एकाच स्थितीची पुष्कळ चित्रं घेऊन सरासरी काढता येत नाही. तीच चाल पुन्हा पुन्हा चालवावी लागेल आणि प्रत्येक वेळी लेझर गाईड व्हेनच्या त्याच कोनाला सुरू व्हायला हवा. दोन चमकांमधला वेळही मध्येच बदलावा लागेल, कारण सुरुवातीला पीळ नसतो आणि शेवटी भरपूर असतो. लेझर आणि कॅमेऱ्याची वेळ जुळवणाऱ्या सिंक्रोनायझरला गाईड व्हेनचा कोन मोजणाऱ्या एन्कोडरची तार जोडून दिली. उद्या कोरडी चाचणी, पाणी परवा.